जुन्या पिस्तुलाच्या ग्रिप बदलताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

जुन्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या मुठीवरच्या पट्ट्या, म्हणजे ग्रिप, बदलणं हे दोन-चार स्क्रूंचं काम दिसतं. त्यामुळे बहुतेक जण हाताला लागेल तो स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट सुरुवात करतात. मग स्क्रूची खाच फुटते, बेकेलाइटचा (जुन्या कडक प्लास्टिकचा) टवका उडतो, फ्रेमचे, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याचे, आटे जातात, नाहीतर नवी ग्रिप बसल्यावर सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये यासाठीचा खटका, पूर्ण वर जात नाही. यातलं जवळजवळ सगळं नुकसान दोनच वेळी होतं: पहिला स्क्रू सोडवताना आणि शेवटचा स्क्रू आवळताना. म्हणून या लेखातही त्या दोन जागांवर जास्त वेळ घालवला आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. काही पिस्तुलांमध्ये ग्रिप हा यंत्रणेचाच भाग असतो. तिच्या आतल्या बाजूने एखादी स्प्रिंग दाबून धरलेली असते किंवा एखाद्या भागाला आधार दिलेला असतो. अशा ठिकाणी ग्रिप चुकीची बसली तर पिस्तूल नीट चालत नाही.

## 1. पिस्तूल रिकामं करणं

क्रम ठरलेला आहे आणि तो बदलायचा नाही.

1. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, बोट ट्रिगरपासून दूर.
2. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, काढा.
3. मग स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, पूर्ण मागे ओढा आणि अडकवून ठेवा.
4. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी पाहा, मग करंगळीने चाचपून पाहा. मॅगझिनची पोकळीही तशीच तपासा.
5. सगळ्या गोळ्या, काढलेल्या मॅगझिनमधल्यासुद्धा, दुसऱ्या खोलीत ठेवून या.

हा क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली, तर मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये जाते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच राहतं. बऱ्याच जुन्या खिशातल्या पिस्तुलांना स्लाइड मागे अडकवणारा खटका नसतो. तिथे एका हाताने स्लाइड मागे धरून चेंबर पाहावं लागतं. घाई होते ती नेमकी इथेच, म्हणून अशा पिस्तुलात चेंबर दोनदा पाहा.

तपासा: काम मध्येच सोडून उठलात तर परत आल्यावर पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. मध्ये पाचच मिनिटं गेली असली तरी.

## 2. आपल्या पिस्तुलाची ग्रिप कशी धरलेली आहे ते ओळखणं

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी हे माहीत असायला हवं. सर्वसाधारणपणे पाच प्रकार भेटतात.

प्रत्येक बाजूला एक किंवा दोन स्क्रू. ब्राउनिंग हाय-पॉवर, लुगर पी-08, सीझेड 75 यांना दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू. कोल्ट 1911 ला दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि त्या प्रत्येक स्क्रूखाली फ्रेममध्ये आट्यांनी बसवलेला एक छोटा बुश, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो ती धातूची आखूड नळी. या बुशबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आरपार जाणारा एकच स्क्रू. वॉल्थर पीपीसारख्या पिस्तुलात एकच स्क्रू दोन्ही पट्ट्यांना धरून ठेवतो. तो निघाला की दुसऱ्या बाजूची पट्टीही मोकळी होते आणि हातातून निसटून जमिनीवर पडू शकते. खाली जाड कापड हवंच.

मागून वेढणारी अखंड मूठ. मकारोव आणि जुनी वॉल्थर पीपीके. स्क्रू काढल्यावर मूठ सरळ मागे सरकवून काढायची असते. तिच्या दोन्ही बाजू फाकवून काढायला गेलात की जुनं बेकेलाइट मागच्या वळणावर तडकतं.

बाहेर स्क्रूच नाही. तोकारेव टीटी-33 च्या पट्ट्यांना आतून फिरणारी धातूची अडसर-पट्टी असते. मॅगझिनच्या पोकळीतून लांब स्क्रूड्रायव्हर घालून ती सरकवायची. एक बाजू निघाली की त्या मोकळ्या जागेतून दुसऱ्या बाजूची अडसर हाताशी येते. हे माहीत नसलेला माणूस बाहेरून कडेला टोक घालून उचकटतो आणि प्लास्टिक मोडतो.

वाकवून खाचेत बसवलेल्या. सॅव्हेज 1907 चं उदाहरण ठळक आहे. तिथे पट्टी थोडी वाकवूनच निघते, आणि शंभर वर्षं जुनं कडक रबर वाकत नाही. माझा स्पष्ट सल्ला: अगदीच गरज नसेल तर त्यांना हात लावू नका.

आता ग्रिपखाली काय दडलं आहे ते. बेरेटा 92 मध्ये ट्रिगर बारची (ट्रिगरची ओढ मागे पोहोचवणाऱ्या दांडीची) बारीक स्प्रिंग उजव्या पट्टीखाली असते आणि पट्टीच तिला जागेवर धरते. सिग पी-220 आणि पी-226 मध्येही ट्रिगर बारची स्प्रिंग उजव्या ग्रिपखालीच असते. पट्टी झटक्यात उचलली की स्प्रिंग निघून पडते, आणि ती कशी बसली होती हे कुणी पाहिलेलं नसतं. कोल्ट 1911 मध्ये डाव्या पट्टीची वरची कड प्लंजर ट्यूबला खालून आधार देते. सेफ्टी आणि स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवणारा खटका) यांना ताण देणाऱ्या छोट्या प्लंजरांची ही नळी फ्रेमला रिव्हेट केलेली असते. पट्टीचा आधार नसेल तर ती कालांतराने सैल होऊ शकते, आणि सैल नळीमुळे सेफ्टी अडकू शकते. 1911 ची डावी पट्टी निवडताना ही कड बरोबर बसते का, हे नक्षीच्या आधी पाहा.

## 3. नवी ग्रिप आणण्याआधी

"या मॉडेलला चालते" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्टार आणि लामा कंपन्यांची बरीच पिस्तुलं 1911 सारखी दिसतात, पण त्यांच्या ग्रिप सहसा 1911 शी जुळत नाहीत. एकाच मॉडेलच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांतही सेफ्टीचा आकार बदललेला असतो. दोन्ही बाजूंना सेफ्टी असलेल्या पिस्तुलाला उजव्या पट्टीतही जागा कोरलेली लागते.

मापं घ्या: स्क्रूच्या छिद्रांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, पट्टीची जाडी, छिद्राचा व्यास. 1911 साठी पातळ पट्ट्या घेत असाल तर त्यांना आखूड बुश आणि आखूड स्क्रू लागतात. ते वेगळे घ्यावे लागतील.

जुनी ग्रिप कशाची आहे हेही ओळखून ठेवा, कारण ती काढताना काय चालेल हे त्यावर ठरतं. कडक रबर उजेडाने तपकिरी पडतं आणि ठिसूळ होतं. बेकेलाइट वाकत नाही, थेट तुटतं. सेल्युलॉइड लवकर पेट घेतं, आणि जुनं झालं की त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शेजारचं पोलाद गंजतं. लाकूड सुकून आकसतं, त्यामुळे ते स्क्रूभोवती ताणलेलं असतं.

## 4. हत्यारं आणि जागा

यादी लहान आहे. जाड कापड, गुंडाळलेला टॉवेल, कडा उभ्या ठेवलेली डबी, मास्किंग टेप, भेदक तेल (गंजलेल्या आट्यांत झिरपणारं पातळ तेल), जुना टूथब्रश, लाकडी टूथपिक आणि योग्य स्क्रूड्रायव्हर.

"योग्य" म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण निम्मी कहाणी इथेच ठरते. घरगुती स्क्रूड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकतं, जोर दिला की वर सरकतं आणि कड चेपतं. बंदूक दुरुस्तीसाठी मिळणारी पाती टोकाजवळ दोन्ही बाजूंनी समांतर घासलेली असतात. ती खाचेच्या तळापर्यंत जातात आणि पूर्ण भिंतीवर जोर देतात. पात्याची जाडी खाचेएवढी हवी आणि रुंदी स्क्रूच्या माथ्यापेक्षा किंचित कमी. रुंदी जास्त झाली तर पातं फिरताना ग्रिपच्या छिद्राची कड खरवडतं.

तपासा: पातं खाचेत उभं करून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळत असेल तर ते पातं बाजूला ठेवा.

## 5. जुने स्क्रू सोडवणं

आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मग खाचेतली माती आणि जुनं तेल टूथपिकने पूर्ण काढा. खाच अर्धी भरलेली असेल तर उत्तम पातंही तळापर्यंत पोहोचत नाही. स्क्रूभोवती टेप लावा.

पिस्तूल टॉवेलवर आडवं ठेवा. हातात धरून स्क्रू सोडवायचा नाही. पातं निसटलं तर ते थेट तळहातात जातं. स्क्रूड्रायव्हर अगदी उभा धरा, खाली दाब भरपूर द्या आणि फिरवण्याचा जोर सावकाश वाढवा. घट्ट बसलेला स्क्रू आधी केसभर आवळण्याच्या दिशेला ढकलून पाहा. जुनी पकड कधी कधी त्याने तुटते, मग तो उलटा सहज फिरतो.

तरीही हलला नाही तर सुईच्या टोकाने भेदक तेलाचा एकच थेंब माथ्याच्या कडेला सोडा आणि रात्रभर राहू द्या. लाकडावर तेल ओघळलं तर डाग पडतो, म्हणून एकच थेंब. लाकडी ग्रिप असेल तर त्यानंतरचा उपाय म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या माथ्यावर थोडा वेळ टेकवणं. माथा तापून थंड झाला की पकड ढिली होते.

सावधान: सेल्युलॉइड, कडक रबर आणि बेकेलाइट यांच्या जवळ उष्णता अजिबात नको. तेल घातलेलं असेल तर माथ्यावर उरलेलं आधी पुसून घ्या, मगच आयर्न लावा.

एवढं करूनही स्क्रू जागचा हलत नसेल तर थांबा आणि पिस्तूल कारागिराकडे न्या. खाच शाबूत असलेला अडकलेला स्क्रू काढणं त्याला सोपं जातं. खाच फुटल्यावर त्यालाही ड्रिल लावावं लागतं.

### 1911 चा बुश स्क्रूबरोबर फिरू लागला तर

ही या पिस्तुलाची सर्वांत नेहमीची अडचण. बुशच्या बाहेरचे आटे इंचाला 60, म्हणजे फार बारीक. फ्रेमची भिंत पातळ, त्यामुळे त्यांची पकडही थोडी. स्क्रू बुशमध्ये गंजून घट्ट झाला की दोघं एकत्र फिरतात. ओळखायची खूण अशी: स्क्रू वर येण्याऐवजी पट्टीच त्या टोकाला उचलली जाते.

असं दिसलं की लगेच थांबा. त्या पट्टीचा दुसरा स्क्रू आधी पूर्ण काढा. मगच पहिला स्क्रू बुशसकट सावकाश सोडवा आणि पट्टीला त्याच्याबरोबर वर येऊ द्या. दुसरा स्क्रू तसाच ठेवून जोर लावला तर पट्टी चिरते किंवा बुश तिरका होऊन फ्रेमचे आटे ओरबाडतो.

बाहेर आल्यावर बुश चामड्याच्या किंवा लाकडाच्या तुकड्यांमध्ये व्हाइसमध्ये धरून स्क्रू वेगळा करा. फ्रेमचे आटे स्वच्छ करा, त्यांवरचं तेल काढा आणि बुश परत बसवताना कमी ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारं चिकट द्रव, एक टिपकाभर लावा. हे फक्त बुशच्या बाहेरच्या आट्यांना. ग्रिपच्या स्क्रूला लावलंत तर पुढच्या वेळी पुन्हा बुशच निघेल. बुश बसल्यावर त्याचं आतलं टोक मॅगझिनच्या पोकळीत डोकावत नाही ना, ते बोटाने आणि मग मॅगझिन घालून पाहा.

फ्रेमचेच आटे गेले असतील तर थोडे जाड बुश मिळतात, पण त्यासाठी फ्रेमला नवे आटे पाडावे लागतात. ते काम घरी करू नका.

## 6. पट्टी उचलणं

स्क्रू निघाला म्हणून पट्टी लगेच निघेलच असं नाही. वर्षानुवर्षांचं तेल आणि घाम गोंदासारखा चिकटतो. कडेला टोक घालून उचकटू नका. मॅगझिनच्या पोकळीतून किंवा स्क्रूच्या छिद्रातून लाकडी काडीने आतून ढकला, थोडं एका टोकाला, थोडं दुसऱ्या टोकाला.

लुगरच्या डाव्या पट्टीत सेफ्टीच्या खटक्याजवळचा कोपरा फार पातळ असतो. जुन्या लुगरमध्ये टवका उडालेला दिसतो तो बहुधा इथेच. तिथला कोपरा कधीही पहिला उचलू नका. खालच्या टोकाकडून सुरुवात करा.

बेरेटा किंवा सिग असेल तर उजवी पट्टी अगदी सावकाश, दुसऱ्या हाताचं बोट तयार ठेवून उचला आणि स्प्रिंगचा फोटो घेईपर्यंत पिस्तूल हलवू नका.

काढलेल्या पट्टीची आतली बाजू पाहा. लुगरच्या पट्ट्यांवर आत बऱ्याचदा पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात. असे जुळणारे आकडे असलेल्या ग्रिपमुळे त्या पिस्तुलाची संग्राहकांमधली किंमत वाढते, म्हणून ती घासायची, रंगवायची किंवा फेकायची नाही. कोणता स्क्रू कोणत्या छिद्रातला तेही डबीत वेगळं ठेवा.

## 7. ग्रिपखालची फ्रेम साफ करणं

इथे गंज सापडणं नेहमीचंच. टूथब्रश, तेल आणि गरजेपुरतं मऊ पितळी ब्रशने वरचा गंज काढा. फिनिश वाचवायचं असेल तर पॉलिश पेपर लावू नका. नंतर तेलाचा अगदी पातळ थर देऊन पुसून टाका. ओलं तेल राहिलं तर लाकूड ते पितं आणि मऊ पडतं.

## 8. नवी पट्टी जुळवणं

स्क्रू न लावता नवी पट्टी नुसती ठेवून पाहा. ती फ्रेमवर सपाट टेकली पाहिजे आणि छिद्रं आपोआप समोरासमोर आली पाहिजेत. समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. पट्टी डुलत असेल तर कुठेतरी उंचवटा आहे. डुलणारी पट्टी स्क्रूने आवळून बसवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. ताण छिद्राजवळ साठतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

उंचवटा शोधायला फ्रेमच्या टेकणाऱ्या भागावर मऊ पेन्सिल किंवा खडू फिरवा, पट्टी दाबून उचला. पट्टीच्या आत जिथे खूण उमटली तेवढाच भाग घासायचा. काचेवर 320 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून दोन-चार हात, मग पुन्हा ठेवून पाहणं. घासायचं ते नेहमी आतल्या बाजूने. छिद्र केसभर सरकलेलं असेल तर आतून बारीक गोल कानशीने मोकळं करा. स्क्रूने ओढून पट्टी जागेवर आणू नका.

सावधान: जी-10 नावाच्या साहित्याची ग्रिप काचतंतू आणि इपॉक्सीची असते. तिची धूळ फुप्फुसांना वाईट. पाणी लावून घासा आणि चांगला मास्क वापरा.

लाकडी पट्टीची घासलेली आतली बाजू कोरी ठेवू नका. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. ते तेल पुसलेला बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकायचा नाही. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. मोकळा पसरून उघड्यावर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

## 9. बसवणं आणि आवळणं

स्क्रू बोटांनी सुरू करा. आधी उलटा फिरवा. आटे जुळताना एक सूक्ष्म टक् जाणवतो, तिथून सरळ फिरवा. पहिल्या दोन फेऱ्यांतच जड जात असेल तर स्क्रू तिरका चालला आहे. बाहेर काढा आणि पुन्हा सुरू करा.

दोन स्क्रू असतील तर दोन्ही आधी अर्ध्यावर आणा, मग एकेक पूर्ण करा. माथा टेकला, पट्टी हलायची थांबली, की अजून केसभर आणि पुरे. स्क्रूड्रायव्हर तीन बोटांनी धरून जेवढा जोर येतो तेवढाच. मूठभरून धरायचा नाही. बेकेलाइट आणि कडक रबराला त्याहूनही कमी.

"सैल होईल" या भीतीने लोक जास्त आवळतात. त्यावर दुसरा उपाय आहे. माथ्याखाली बसेल असा बारीक रबरी रिंग वॉशर, आणि मूळ पिस्तुलात दातेरी वॉशर असतील, जसे बेरेटा 92 ला असतात, तर तेच परत.

## 10. रिकाम्या पिस्तुलावर तपासणी

पुन्हा पहिल्या पायरीप्रमाणे पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा. मग:

- रिकामं मॅगझिन घाला. घासता कामा नये. घासलं तर स्क्रू किंवा बुश आत लांब आला आहे.
- मॅगझिनचा खटका तळापर्यंत दाबला जातो का आणि मॅगझिन पूर्वीसारखं सुटतं का. जाड पट्टी बटणाच्या वाटेत येते.
- सेफ्टी दोन्ही टोकांना स्पष्ट अडकते का. पट्टीला घासून अर्धवट राहणारी सेफ्टी धोकादायक आहे. असं असेल तर ती ग्रिप लगेच काढा.
- स्लाइड स्टॉप मोकळा हलतो का.
- ग्रिप सेफ्टी, म्हणजे मुठीच्या मागच्या बाजूला हाताने दाबली जाणारी सेफ्टी, असेल तर दाबून सोडल्यावर पूर्ण बाहेर येते का.
- ट्रिगर सोडल्यावर जागेवर परततो का. बेरेटा आणि सिगमध्ये हे विशेष पाहा. तो परतत नसेल किंवा ओढल्यावर पोकळ लागत असेल तर उजव्या पट्टीखालची स्प्रिंग जागेवर आहे का ते आधी पाहा.

यातलं एकही अडलं तर गोळी भरायची नाही. पट्टी काढायची, कुठे घासली त्याची चकाकती खूण शोधायची आणि तेवढंच दुरुस्त करायचं.

पहिल्या नेमबाजीनंतर स्क्रू एकदा तपासा. लाकूड थोडं दबतं, त्यामुळे ते किंचित ढिले होणं स्वाभाविक आहे. जुनी ग्रिप आणि जुने स्क्रू कागदात गुंडाळून, पिस्तुलाचं नाव लिहून ठेवा. ती सेल्युलॉइडची असेल तर पिस्तुलाच्या पेटीत ठेवू नका. वेगळ्या, हवा खेळत्या डब्यात ठेवा.